दोनशे रुपयांची खाट

जैसलमेरच्या किल्ल्यातल्या एका हॉस्टेलात मी रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहीत होते. काउंटरमागचा मुलगा विशीतला असेल. त्याने माझं आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि सहज विचारलं, "सफारी कल की लगा दूँ, दीदी?" मी म्हटलं, उंटावरची सफारी नको, मी खुरी गावी बसने जाणार आहे, तिथे गेल्यावर बघेन. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. चिडला नाही, आवाजही चढवला नाही. नुसतं म्हणाला, "दो सौ में तो पानी का टैंकर भी नहीं निकलता, दीदी. आज की रात इसी भाव में सो जाइए, कल से पाँच सौ." आणि किल्ली माझ्यापुढे सरकवली.

फोनवर बुकिंगचा भाव दिसत होता, तो दाखवून वाद घालता आला असता. पण त्याच्या बोलण्यात मला लबाडी दिसेना, सरळ हिशेब दिसत होता. दोनशे रुपयांत लोखंडी खाट, धुतलेली चादर, गरम पाणी, वायफाय आणि गच्चीवरून सगळ्या गावाचा सूर्यास्त. हे परवडतं कसं, हा प्रश्न आम्ही पाठीवर सॅक टाकून फिरणारे सहसा विचारत नाही. भाव बघतो, खालून वर लावतो, पहिला पर्याय दाबतो. त्या रात्री झरोक्याजवळच्या खाटेवर मी बराच वेळ जागी होते. बाहेरचा पिवळा दगड दिवसभर तापलेला, रात्र पडल्यावरही हाताला कोमट लागत होता. खालच्या बोळातून गाय गेली, कुणीतरी तिला हाकललं, मग पुन्हा शांत. माझी खाट दोनशेला पडत असेल तर उरलेले पैसे कोण भरतंय?

मला स्वस्तात फिरायला मनापासून आवडतं. पैसे वाचतात हे एक, पण खरं कारण वेगळं आहे. जास्त पैसे मोजले की मधली माणसं गायब होतात. जोधपूरहून जैसलमेरला भाड्याच्या गाडीने काचा वर करून येता येतं, रात्रीच्या रेल्वेने झोपूनही येता येतं. मी दिवसाउजेडी रोडवेजची बस धरली. बायकांना अर्धं तिकीट, आपल्या एसटीसारखंच, दोन्हीकडे २०२३ पासून. कंडक्टरने मशीनमधून तिकीट फाडताना माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, आणि त्या न पाहण्यात मला फार बरं वाटलं. शेजारी बसलेल्या बाईच्या दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या, पायाशी बाजरीचं पोतं, मांडीवर स्टीलचा डबा. पदर नाकापर्यंत ओढलेला, पण प्रश्न थेट. एकटीच? घरी कोण? टाबर किती? टाबर म्हणजे मुलं. एकही नाही म्हटल्यावर तिने डबा उघडून मला एक मठरी दिली. तिला कीव आली की आनंद झाला हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मठरी मात्र ओव्याची होती आणि फार चांगली होती.

जोधपूर सुटल्यावर वाळवंट लगेच सुरू होत नाही. आधी बालेसरच्या आसपास दगडाच्या खाणी लागतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल-गुलाबी लाद्या रचून ठेवलेल्या, मधे क्रेन, आणि सगळ्यावर एक बारीक तांबूस धूळ बसलेली. झाडाचं पान हिरवं आहे हे जवळ जाऊनच कळावं अशी. जोधपुरी दगडाची कोरीव जाळी हॉटेलांच्या भिंतींवर देखणी दिसते. ती जाळी जिथून निघते तिथे हीच धूळ माणसांच्या फुप्फुसात जाऊन बसते. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर इलाज नाही. बसमध्ये एक माणूस चढला, चाळिशीचा असेल, दोन पायऱ्या चढून दम खात उभा राहिला. कुणीतरी न बोलता उठून त्याला जागा दिली. त्याला खाणीचाच आजार होता असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही. पण उठणाऱ्याने एका क्षणाचाही विचार केला नव्हता.

देचूला चहा. पोखरणला बस जरा जास्त थांबते. पोखरण म्हटलं की आपल्याला १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्या आठवतात. बसमधल्या लोकांना चमचम आठवते. निम्मी बस उतरून मिठाईच्या दुकानासमोर उभी होती आणि पाक गळणारी खोकी पिशव्यांत घालून परत येत होती. पुढे लाठीच्या आसपास जमीन एकदम सपाट झाली. वाळूचे डोंगर नाहीत, नुसती खरबरीत माती, सेवण गवताचे पिवळे झुबके, मधूनच खेजडी, मधूनच आक, आपण ज्याला रुई म्हणतो ती. आणि क्षितिजापर्यंत पवनचक्क्या. खांबाखांबांवरून उच्च दाबाच्या तारा लोंबत गेलेल्या. या गवतात गोडावण राहतो. आपला माळढोक तो हाच.

लहानपणी वडील आम्हाला सोलापूरजवळच्या नान्नजला घेऊन गेले होते. दिवसभर उन्हात बसलो, माळढोक काही दिसला नाही. वडील म्हणाले, पुढच्या वेळी. ती पुढची वेळ आली नाही, आणि आता नान्नजला माळढोक जवळजवळ उरलेलाच नाही. जगात जे दीडशेच्या आत राहिलेत त्यातले बहुतेक या जैसलमेरच्या माळावर आहेत. अंगाने जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, उडताना तार ऐनवेळी दिसली तरी वळता येत नाही. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. मला पवनचक्क्यांचा राग करता येत नाही. कोळशापेक्षा ही वीज हजारपट बरी, हे माझं ठाम मत आहे. पण शहरातल्या विजेच्या बिलात तारेला धडकणाऱ्या पक्ष्याचा आकडा कुठेच नसतो. खिडकीला नाक लावून मी लाठीपासून चांदणपर्यंत गवत बघत होते. माळढोक या वेळीही दिसला नाही.

सकाळी हॉस्टेलचा मुलगा गच्चीवर चादरी वाळत घालत होता. मी खाली न उतरता तिथेच बसले, त्यानेही चहा आणला. बोलता बोलता सगळं गणित त्याने सांगून टाकलं. खाटेचा भाव मुद्दाम तोट्यात ठेवायचा, कारण फोनवर सगळ्यात वर तोच दिसतो. तोटा सफारीत भरून काढायचा. सफारीचे पैसे हॉस्टेल घेतं, त्यातले काही जीपवाल्याला, काही कॅम्पवाल्याला, आणि उरतात ते उंटवाल्याला. ह्या मुलालाही पगार नावापुरता, बाकी कमिशन. सफारी न घेणारा पाहुणा म्हणजे त्याच्यासाठी रिकामी खाट. तो स्वतः रात्री काउंटरमागे सतरंजीवर झोपतो. गाव तीस किलोमीटरवर, शेळ्या आहेत, दोन बहिणी शाळेत. हे सगळं त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मग त्यानेच मला बुरूज दाखवला. गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं तर खाली तटाच्या दगडांवर एक लांब काळपट ओल उतरत गेली होती. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात भिंतीला ओल! रावळ जैसलने हा किल्ला बांधायला घेतला ११५६ मध्ये. पुढे शतकानुशतकं इथलं पाणी गडीसर तलावावरून डोक्यावर घागरी घेऊन वर येत होतं. जे इतक्या कष्टाने वर यायचं ते सांडत नसे. मग नळ आले, संडास आले, पाहुण्यांसाठी शॉवर आले. टेकडीचं पोट मऊ, मातीमिश्रित दगडाचं, त्यात हे पाणी मुरत गेलं आणि वरचे बुरूज खचायला लागले. २०२४ च्या पावसाळ्यात तटाचा एक भाग कोसळला. हा जिवंत किल्ला, आत हजारो माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यांना कोणत्या तोंडाने पाणी कमी वापरा म्हणायचं? पण मी काल रात्री त्याच किल्ल्यात गरम पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली होती, प्रवासाची धूळ निघेपर्यंत. ते पाणीही त्याच ओलीत कुठेतरी उतरलं असेल. मी सॅक उचलली आणि किल्ल्याखाली, गावातल्या एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली. भाव दुप्पट होता. मुलाने जाताना खुरीच्या बसची वेळ सांगितली, आणि ती बरोबर निघाली.

खुरीची बस म्हणजे गावची बस. टपावर चाऱ्याच्या पेंढ्या, आत शाळेची पोरं, मधल्या वाटेत दुधाची रिकामी कॅन खडखडत. चाळीसेक किलोमीटरला भरपूर वेळ लागला, कारण बस हात दाखवील तिथे थांबत होती आणि हात दाखवणारा कधी कधी शेतातून धावत येत होता. उतरले तिथे एक पन्नाशीचा माणूस बाभळीखाली विडी ओढत बसला होता. खम्मा घणी, म्हणजे इथला नमस्कार, झालं. उंट आहे का, म्हटलं. आहे. भाव? त्याने एक आकडा सांगितला, रात्रीचं घरचं जेवण आणि राहणं धरून. हॉस्टेलच्या सफारीपेक्षा तो थोडासाच कमी होता. मी सवयीने काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "बाईसा, ये पूरा म्हारो है." हे सगळे माझे. एजन्सीकडून पाहुणा आला तर त्यातला तिसरा हिस्साही हाती येत नाही, आणि तोही महिन्याअखेर.

मग उंटावर बसून निघालो. निघालो म्हणजे तो पुढे उंटाची म्होरकी धरून चालत होता आणि मी वर. उंट आधी मागचे पाय सरळ करून उठतो, त्यामुळे आपण पुढे तोंडावर पडतो की काय असं वाटतं, मग पुढचे पाय, मग एक मोठा हेलकावा, आणि अचानक आपण खेजडीच्या शेंड्याला हात लावू शकतो. पलाणावर दोन गोधड्या टाकलेल्या, तरी अर्ध्या तासात मांड्या भरून आल्या. उंटाच्या अंगाला लोकर, घाम आणि चघळलेल्या पाल्याचा मिळून एक आंबूस वास असतो, तो आधी नकोसा वाटतो आणि मग सवयीचा होतो. त्याच्या मानेवर एक नक्षी कातरलेली होती, केस कापून काढलेली फुलं आणि बुट्टे. हे कोण करतं विचारल्यावर तो प्रथमच हसला. मीच, म्हणाला. दर हिवाळ्यात.

त्याच्या वडिलांकडे साठ उंट होते. आता तीन. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख. यातली बरीचशी घसरण ट्रॅक्टर आणि जीपने घडवली, कुरणं कमी झाली, ओरण म्हणजे इथल्या देवराया कंपन्यांच्या कुंपणात जायला लागल्या. पण त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. २०१४ मध्ये राजस्थानने उंटाला राज्यपशू केलं आणि २०१५ मध्ये कायदा आला. उंट मारायचा नाही, परवानगीशिवाय राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू चांगला. झालं असं की बाहेरचे गिऱ्हाईक बंद झाले, मेळ्यात भाव कोसळला, आणि ज्याला विकताच येत नाही ते जनावर पाळणार कोण? "बचाने का कानून है," तो म्हणाला, "पर खिलाने का कोई कानून नहीं." गवारीचा भुसा विकत घ्यावा लागतो. पर्यटक येतात ते चार महिने. उरलेले आठ महिने उंट खातोच. उन्हाळ्यात इथे काय होतं ते सांगायला नको, याच वाळवंटातल्या फलोदीत २०१६ च्या मेमध्ये पारा ५१ अंशांवर गेला होता. त्याचा मुलगा सोलर प्लांटवर रखवालदार आहे. बारा महिने पगार. तो उंटाकडे वळूनही बघत नाही, आणि बापाला ते बरोबरच वाटतं.

घर म्हणजे दोन गोल झोपडे आणि एक सिमेंटची खोली. सिमेंटच्या खोलीत सामान, माणसं झोपड्यात, कारण सिमेंट उन्हात राहू देत नाही. शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर पांढऱ्या खडीची नक्षी. अंगणाबाहेर जमिनीत गोल टाकं, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. टाक्याभोवतीची जमीन उतरती करून चोपून घट्ट केलेली, तिला आगोर म्हणतात. पावसाचं पाणी त्यावरून वाहत टाक्यात जातं. मी चपला घालून तिकडे निघाले तशी घरच्या बाईने लांबूनच हाक मारली. आगोरावर चपला चालत नाहीत, शेळी चालत नाही, थुंकणं तर नाहीच. गावात पाइपलाइन आली आहे, पण नळ येईल तेव्हा येतो. टाक्यातलं पावसाचं पाणी गोड म्हणून ते फक्त पिण्याला.

जेवण झाल्यावर तिने भांडी वाळूने घासली. कोरडी वाळू, मूठभर, ताटात फिरवून फिरवून. चिकटपणा गेला की फडक्याने पुसलं आणि शेवटी तांब्याभर पाण्यात सगळी ताटं एकामागून एक बुडवून काढली. ते पाणी शेळीपुढे. मी ते बघताना माणदेशातल्या माझ्या आजीच्या अंगणात जाऊन पोचले. आजी पाटावर बसून आंघोळ घालायची, ते पाणी पन्हाळीने शेवग्याच्या आळ्यात जायचं, तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, आणि आम्ही मुंबईची नातवंडं नळ सोडून दात घासायला लागलो की ती काही न बोलता येऊन नळ बंद करून जायची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती. तिथे खायला मिळणाऱ्या सुकडीचा वास तिला नंतर कधीच सहन झाला नाही, एवढंच ती सांगायची. तिच्याकडे पैसे कमी होते आणि पाणी त्याहून कमी, पण तिच्या काटकसरीचा भुर्दंड दुसऱ्या कुणाला पडत नव्हता. वाचवलेला प्रत्येक तांब्या तिने स्वतःच्या सोयीतून वाचवलेला असायचा.

माझं स्वस्तात फिरणं यात कुठे बसतं?

रोडवेजची बस, साधी लॉज, पंख्याखालची झोप, दुपारी दोन कचोऱ्यांवर भागवणं, हे मी माझ्या सोयीतून वाचवते आणि त्याचा मला अभिमान आहे. पण उंटवाल्याकडून शंभर रुपये कमी करून घेतले जातात ते त्याच्या भुशातून जातात. दोनशेच्या खाटेत कमी पडणारे तीनशे हॉस्टेलच्या मुलाच्या पगारातून जातात, उंटवाल्याच्या हिश्शातून जातात, आणि थोडे बुरुजाच्या पायातून. फिरणाऱ्यांच्या जगात यालाही तेच शाबासकीचे शब्द मिळतात. इतक्या कमीत केलंस! मी स्वतः अशा गप्पांत रंगलेली आहे. फोनवर भाव खालून वर लावला की या दोन प्रकारच्या बचती एकाच रांगेत येऊन उभ्या राहतात, आणि कुठली कुठली ते ओळखायला आपल्याला बस पकडून खुरीपर्यंत जावं लागतं.

त्या घरातलं जेवणही उगाच साधं नव्हतं. बाजरीचा जाड सोगरा, मधे खळगा करून त्यात तूप, ताकाची कढी, आणि केर-सांगरी. केर म्हणजे एका काटेरी झुडपाची बारीक फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, उन्हाळ्यात तोडून उकडून वाळवलेल्या, वर्षभर टिकणाऱ्या. आंबट-तिखट, चावताना किंचित चिवट, तेलात मुरलेल्या अख्ख्या लाल मिरचीसह. हीच सांगरी शहरात सुक्या मेव्याच्या भावाने विकली जाते. इथे ती दुष्काळाची भाजी, पाऊस हुकला तरी खेजडी हुकत नाही म्हणून. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० मध्ये राजाची माणसं ही झाडं तोडायला आली, चुन्याच्या भट्टीसाठी. अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली, तिच्यामागे बिश्नोई समाजाची माणसं, एकूण ३६३ जणांनी जीव दिला. शाळेच्या पुस्तकात वाचताना मला ते झाडावरचं प्रेम वाटायचं. ताटातली सांगरी खाताना कळतं की शेंग माणसाची, पाला उंट-शेळीचा, सावली पिकाची. झाड गेलं की घर गेलं.

रात्री टेकाडावर खाटा टाकल्या. वाळू वरून गार झाली होती, पाऊल आत रुतवलं की खाली दिवसाची ऊब सापडत होती. पलीकडच्या कॅम्पवरचा डीजे थांबला आणि थोड्या वेळाने तिथला एक मांगणियार गायक चहाला आला, कमायचा हे आपलं तंतुवाद्य कापडात गुंडाळून. त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या जजमानांकडे जन्माला, लग्नाला गायचं, त्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवायची, आणि बदल्यात धान्य, जनावर, कपडे. स्वतः मुसलमान, जजमान बहुतेक राजपूत, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. आता कॅम्प रात्रीचे पैसे देतो आणि सिनेमातली गाणी मागतो. त्या रात्री मात्र त्याने कोणी न मागता एक बन्ना, म्हणजे लग्नातलं नवरदेवाचं गाणं, गायला, अर्ध्यातच थांबला, घसा बसलाय म्हणाला, आणि उंटवाल्याशी भुशाच्या भावावर बोलत बसला. मला ते गाणं पूर्ण हवं होतं. पण त्याच्या कामाची वेळ संपली होती.

जोधपूरला परत आले तेव्हा शहर अंगावर आलं. घंटाघराभोवती रिक्षांचे हॉर्न, मसाल्याच्या ढिगांवरची तिखट हवा, कढईत फुगणारे मिरची बडे. मिरची हिरवी, जाड, आत बटाट्याचं सारण, वर बेसन, आणि पहिला घास नेहमी जीभ भाजतो. तीन-चार दिवस एक तांब्या पुरवून वापरल्यावर हॉटेलच्या दारात पाइपने फरशी धुणारा माणूस बघवत नव्हता. हे सगळं शहर आता हिमालयातून येणारं पाणी पितं. सतलज-बियासच्या संगमावर पंजाबात हरिकेला इंदिरा गांधी कालवा सुरू होतो, १९५८ मध्ये काम सुरू झालं, जैसलमेरच्या भागात पाणी पोचायला १९८७ उजाडलं. कालव्याने शेती आली, माणसं जगली, हे खरंच. पण पाणी लांबून आलं की त्याचं मोल आगोरावर चपला घालू न देण्याइतकं राहत नाही.

दूर टेकाडावर उमेद भवन हा राजवाडा दिसत होता. आता त्यातल्या हॉटेलात एका रात्रीला माझ्या सगळ्या प्रवासापेक्षा जास्त पैसे पडतात. ते १९२९ मध्ये बांधायला घेतलं आणि १९४३ मध्ये पुरं झालं. ओळीने दुष्काळ पडले होते, महाराजा उमेदसिंहांनी लोकांना काम मिळावं म्हणून ते काढलं. हजारो हात त्या दगडावर राबले. राजवाडा बांधून दुष्काळ हटवणं मला अजूनही पटत नाही, तळी आणि बांध बांधता आले असते. पण माझ्या आजीने फोडलेली खडी कुठल्या रस्त्यावर पडली हे तिलाही माहीत नव्हतं, निदान राजवाड्याच्या दगडांकडे बोट दाखवता येतं.

शेवटच्या रात्री जोधपूरच्या डॉर्ममध्ये नागपूरची एक मुलगी भेटली, दुसऱ्या दिवशी जैसलमेरला निघालेली. तिने फोनवर तीच दोनशेची खाट काढून ठेवली होती. मी तिला सगळं सांगितलं, बस, खुरी, बाभळीखालचा माणूस. तिने नंबर उतरवून घेतला आणि मग म्हणाली, "पण ताई, एजन्सीवाला नसता तर मला खुरीच माहीत नसतं. फोटो तो टाकतो, फोन तो उचलतो, जूनमध्ये ऑफिसचं भाडंही तोच भरतो. त्याला काहीच मिळू नये का?" मी म्हटलं, मिळावं, पण तिसरा हिस्सा उंटाला आणि दोन त्याला, असं का? ती म्हणाली, मग किती? आम्ही दोघी खाटेवर मांडी घालून बसलो आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर मांडायला लागलो. खाट, चादर, टँकर, मुलाचा पगार, जीपचं डिझेल, भुसा आठ महिन्यांचा, गायकाची रात्र. ती हिशेबात पक्की होती, मी विसरलेल्या दोन गोष्टी तिने आठवण करून दिल्या. खाटेचा भाव सव्वापाचशेच्या खाली येईना. तिच्या खिशाला तो परवडत नव्हता, नुकतीच नोकरी लागली होती तिला. शेवटी तिने एक रात्र कमी करायचं ठरवलं. सकाळी तिची जैसलमेरची बस होती, आणि संध्याकाळी माझी बांद्र्याची गाडी.